शंभर टक्के नापास

हडपसरच्या भर रस्त्यात उभा राहून सलिल परचुरे आपल्याच चेहऱ्याकडे बघत होता, आणि त्याला घाम फुटला होता. चेहरा फ्लेक्सवर होता. फ्लेक्स दोन मजले उंच होता. त्यावर दहावीतला सलिल चपटा भांग, जाड चष्मा आणि कपाळावर गंध अशा थाटात हसत होता. खाली लिहिलं होतं: 'कुमार सलिल अनंत परचुरे, ९७.४० टक्के, गणितात १०० पैकी १००.' आणि त्याखाली: 'वैजनाथ सरांचे क्लासेस. निकाल शंभर टक्के. आता हडपसरमध्येही!'

दुसऱ्या कुणाला याचा आनंद झाला असता. सलिलची अडचण अशी, की गेली दोन वर्षं तो 'एमसी नापास' या नावाने रॅप करत होता. सोमवार ते शुक्रवार खराडीतल्या कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि शनिवार-रविवार टोपी उलटी घालून माइकवरून सांगायचं, की शाळेने आपल्याला कसं लाथ मारून बाहेर काढलं. त्याचं गाणं पोरांना तोंडपाठ होतं:

'गणितात भोपळा, पदरी शून्य,
गल्लीत वाढलो, तेवढंच पुण्य!'

गल्ली कर्वेनगरातली होती. तिथे रात्री नऊनंतर स्कूटरसुद्धा ढकलत न्यावी लागे, नाहीतर कुणीतरी गॅलरीत येऊन नुसतं बघत असे. पण हे गाण्यात नव्हतं. रॅपमध्ये गळा बसला तर चालतो, यमक लंगडलं तर चालतं. माणूस मात्र खरा लागतो. जे गाताय ते तुम्ही भोगलेलं असलं पाहिजे. भोगलेलं नसेल, तर निदान ते कुणाला कळता कामा नये.

पुढच्या रविवारी रॅपच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. जिंकणाऱ्याचं गाणं मुंबईची एक कंपनी रेकॉर्ड करणार होती. फेरी होती ती या फ्लेक्सच्या बरोबर समोरच्या मंगल कार्यालयात, आणि स्पर्धेच्या पोस्टरवर एमसी नापास या नावाखाली संयोजकांनी हौसेने 'सलिल परचुरे' असं छापलेलंही होतं.

सलिल क्लासचा जिना चढला.

"परचुरे!" वैजनाथ सर खुर्चीतून उठलेच. "पाहिलास ना फ्लेक्स? मुद्दाम मोठा करून घेतला. नव्या शाखेचा चेहराच तू!"

"सर, तो काढता येईल का?"

"लहान वाटतोय का?"

"नाही सर. मी आता रॅप करतो. नापास नावाने. लोकांना वाटतं मी खरंच नापास आहे. तसं वाटणं गरजेचं आहे."

सरांना यातलं काही कळलं नाही. तेव्हा सलिलने नाइलाजाने मोबाइलवर गाणं लावलं. सर डोळे मिटून ऐकत होते. 'भोपळा' ऐकल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"कुणाला भोपळा?"

"मला. म्हणजे गाण्यात."

"माझ्या क्लासमध्ये?"

तेवढ्यात मागून आवाज आला. मुलीच्या, अपेक्षाच्या, प्रवेशासाठी आलेल्या भाग्यश्री काळभोर दारात उभ्या होत्या, आणि किती वेळ उभ्या होत्या ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"सर, हाच का तो फ्लेक्सवरचा? हा तर स्वतःच्या तोंडानं सांगतोय नापास म्हणून."

"अहो, ती कला आहे!" सर म्हणाले.

"कला असंल. पण आमची अपेक्षा कलेला नाही घातलेली, गणिताला घातलीय."

संध्याकाळपर्यंत ते गाणं पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं. 'फ्लेक्सवरचा शंभर मार्कांचा मुलगा प्रत्यक्षात नापास,' असा मजकूर सोबत होता. दुसऱ्या दिवशी पालक फी परत मागायला लागले. नवी शाखा; बाकांचा रंगसुद्धा वाळला नव्हता. वैजनाथ सरांनी जगाचा अनुभव घेतलेल्या माणसाप्रमाणे थेट मुलाच्या वडिलांना फोन लावला.

अनंतराव परचुरे बँकेतून निवृत्त झाले होते, पण चुका शोधण्यातून झाले नव्हते. मुलगा शनिवार-रविवार 'कार्यक्रम' करतो इतकंच त्यांना ठाऊक होतं. त्यांनी गाणं दोनदा ऐकलं आणि सलिलला हाक मारली.

"लोक नापास झाल्यावर पास झालो म्हणून सांगतात. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत असे बरेच पाहिले. पास होऊन नापास सांगणारा तू पहिलाच."

"बाबा, ते स्ट्रीट क्रेडिबिलिटीसाठी असतं."

"क्रेडिट मला कळतं. हे तारण काय ठेवून मिळतं?"

"बाबा, प्लीज. फायनल होईपर्यंत तुम्ही कुणाला काही सांगू नका."

"मी कुणाला काही सांगणार नाही," अनंतराव म्हणाले. "मी रविवारी हडपसरला जाऊन मार्कशीट दाखवणार आहे. सरांनी पालकांची सभा बोलावलीय. परचुऱ्यांमध्ये आजवर नापास कुणी झालेलं नाही. तुझ्या आईकडे झाले असतील, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही."

सलिलने आईची मदत मागितली. पण शेवटच्या वाक्यामुळे आईने दोन दिवस कुणाशीच न बोलण्याचं ठरवलं होतं.

रविवारी दुपारी सभेला इतके पालक आले, की क्लासच्या खोलीत मावेनात. फी परत मिळण्याची शक्यता असली, की आपल्याकडे सभेला गर्दी होते. सरांनी समोरच्या मंगल कार्यालयाच्या मालकांना गळ घातली. हॉल संध्याकाळी रॅपवाल्या पोरांना दिलेला होता, पण तोवर मोकळाच होता. झालं! सभा स्पर्धेच्या मंचावरच भरली, अनंतरावांच्या हातात स्पर्धेचाच माइक आला आणि ते एकेका विषयाचे गुण सावकाश वाचू लागले.

"मराठी, चौऱ्याण्णव. संस्कृत, नव्याण्णव. गणित, शंभर."

"काका, मार्कशीट काय हो," भाग्यश्रीबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "आजकाल झेरॉक्सच्या दुकानात डिग्रीसुद्धा मिळते."

"बाई, मी बँकेत सह्या तपासायचो."

"मग तुम्हाला तर खोटी कशी करायची तेपण माहीत असणार."

अनंतरावांचा असा अपमान पूर्वी फक्त घरी झाला होता. ते पुन्हा पहिल्या विषयापासून सुरू झाले. सभा लांबली. मागच्या दाराने स्पर्धेची पोरं येऊन उभी राहू लागली, डीजेने स्पीकर जोडले, आणि पालक उठेनात, कारण निकाल लागल्याशिवाय उठायचं नाही असं त्यांचं ठरलं होतं. अखेर सलिल जेव्हा टोपी उलटी घालून हॉलमध्ये शिरला, तेव्हा त्याचे वडील तीनशे पोरांसमोर माइकवरून सांगत होते, "पुन्हा सांगतो. एमसी नापास उर्फ सलिल अनंत परचुरे, गणित, शंभर पैकी शंभर!"

सगळ्या माना दाराकडे वळल्या. मग कुणीतरी शिट्टी मारली. "अरे, नापास तर टॉपर निघाला!" तिथून पुढे जो हशा झाला तो सलिलला कानाच्या पाळ्यांपर्यंत जाणवला. दोन वर्षांत कमावलेलं नाव एका मार्कशीटने खाल्लं होतं. पळून जावं असं त्याला फार वाटलं. पण दारात पालक होते.

अंतिम फेरीत त्याच्यासमोर उत्तरेश्वर होता. हा मूळचा केजकडचा, मार्केट यार्डात टेम्पो चालवायचा आणि दहावी खरोखरच नापास होता. त्याने त्याची कधी जाहिरात केली नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं. उत्तरेश्वरने माइक घेतला, सलिलकडे बघितलं आणि ठेका सुरू झाल्यावर शांतपणे सुरुवात केली:

'तू नापासाचं गाणं केलंस, लोकं म्हणली वा!
मी नापास होऊन घरी गेलो, कुणी दिला न्हाई चा.
बापानं काय मारलं न्हाई, नुसता बसला गप,
त्या गप बसन्याला चाल लाव, मंग त्याला म्हन रॅप!'

पोरं उभी राहिली. पालकांमधल्या एक-दोन वडिलांनी खाली बघितलं. सलिललाही लाज वाटली, आणि ती हशा झाल्यावर वाटली होती त्यापेक्षा वेगळी होती. उत्तरेश्वर खरं बोलत होता, आणि ओळीही चांगल्या होत्या. दोन्ही एकदम असलं की समोरच्याला काही करता येत नाही.

आता सलिलची पाळी. आठवडाभर घोकलेलं कडवं शाळेतून हाकलल्याबद्दलचं होतं. ते आता म्हणणं म्हणजे चोराने पोलीस चौकीत जाऊन कुलपांवर भाषण देण्यासारखं होतं. ठेका वाजत होता. सलिलने डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा माइकवर जे खरं होतं ते त्याच्या तोंडून निघालं:

'हो, गणितात पैकीच्या पैकी, पकडला गेला चोर,
घरी पेढे वाटून झाले, मग सुरू झाला घोर:
मराठीतले सहा गेले, गेले कुठे ते सांग!
आठ वर्षं शोधतोय मी, लागत नाही थांग!'

"मग? गेले कुठे?" मंचाच्या कडेला उभे असलेले अनंतराव मनापासून म्हणाले.

हॉल कोसळायचा बाकी राहिला. मागच्या पोरांनी खुर्च्या वाजवल्या. पालकांनीही टाळ्या वाजवल्या, मग आपण फी परत मागायला आलोय हे आठवून थांबवल्या. उत्तरेश्वरने येऊन सलिलला मिठी मारली. "आता बोललास भावा," तो म्हणाला.

परीक्षकांनी कागद जुळवले आणि त्यांच्यातली, रेडिओवर रॅपचा कार्यक्रम करणारी कादंबरी निकाल सांगायला उठली. "दोघंही जबरदस्त! पण फक्त अर्ध्या मार्काने विजेता आहे, उत्तरेश्वर!"

सलिलने टाळ्या वाजवल्या. उत्तरेश्वरचं अभिनंदन केलं, आणि तेही मनापासून. आपण हरलो, पण खरे ठरलो, ही जाणीव त्याला क्षणभर फार बरी वाटली. आयुष्यात प्रथमच तो कशात तरी नापास झाला होता. आता नावाला जागलो, असं त्याला म्हणता आलं असतं.

तो मंच उतरायला निघाला. एक पायरी उतरला. थांबला. आणि परत फिरून परीक्षकांच्या टेबलापाशी गेला.

"मॅडम, एक मिनिट. तो अर्धा मार्क कुठे गेला?"

"फ्लोमध्ये," कादंबरी हसत म्हणाली.

"कुठल्या ओळीत?"

"अरे, असं ओळीवार नसतं रे."

"मग अर्धा कसा कापला? पूर्ण ओळ चुकली तर पूर्ण कापायचा. अर्धवट बरोबर असेल तर पायऱ्यांचे मार्क द्यायला पाहिजेत. तुमच्याकडे बेरीज कोणी केली?"

"मी केली."

"एकदा माझ्यासमोर कराल?"

कादंबरीचं हसू मावळलं. पलीकडून अनंतराव लगबगीने आले. वडील आणि मुलगा गेल्या कित्येक वर्षांत प्रथमच एका बाजूला उभे होते.

"विचार, विचार. हक्क आहे आपला," ते म्हणाले. "अहो बाई, पुनर्तपासणीची सोय असेलच ना? अर्ज कुणाच्या नावे करायचा?"

"काका, ही रॅपची स्पर्धा आहे!"

"असेना. गुण दिलेत ना तुम्ही? मग तपासले पाहिजेत."

ट्रॉफी छातीशी धरून उत्तरेश्वर हे सगळं तोंड उघडं टाकून बघत होता. "भावा, अर्धा मार्क हाय रं," तो कळवळून म्हणाला. "मी बावीस मार्कांनी गेलतो. मी बी कुनाला इचारलं न्हाई."

"तीच तुझी चूक झाली," सलिल वळून म्हणाला. "बावीसमध्ये चार-पाच तरी नक्की वाढले असते. प्रश्नपत्रिका आहे का अजून तुझ्याकडे?"

खाली पहिल्या रांगेत भाग्यश्रीबाई इतका वेळ हाताची घडी घालून बसल्या होत्या. त्यांनी वैजनाथ सरांकडे मान वळवली.

"सर, आता पटलं."

"काय पटलं?" सर दचकून म्हणाले.

"मार्कशीट खोटी करता येते. गाणं खोटं करता येतं. पण हे असं सोंग नाही आणता येत कुणाला. हा पोरगा पहिलाच आलेला असणार. आमच्या अपेक्षाचं नाव कायम करून टाका."

मागच्या पालकांनी माना डोलावल्या आणि एकेक जण उठू लागला. सरांनी कपाळाचा घाम पुसला. मंचावर कादंबरी दोन्ही हात जोडून काहीतरी समजावत होती, आणि अनंतरावांनी खिशातलं पेन काढून चिरंजीवांच्या हातात दिलं होतं.