गुलाबरावजींचा आलूचा अंदाज

गुलाबरावजींच्या घरी तुम्ही खायला बसलात, की ते डोळे मिटून तुमच्या जबड्याजवळ कान आणत. पहिला घास तुटला की विचारत, "वाजली काय?" चव कशी झाली, हे त्यांनी मला कधीही विचारलं नाही. वाजली म्हणजे पदार्थ पास.

पदार्थ म्हणजे आलूची टिकली. सकाळचे उकडून कुस्करलेले आलू उरले की संध्याकाळी त्यात हिरवी मिरची, लसूण आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, मिसळायचे. तळहातावर थापून वाळलेल्या ज्वारीच्या भाकरीच्या चुऱ्यात घोळवायचे आणि फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलात सोडायचे. "आलू उरलेले, भाकर उरलेली. तेलच काय ते नवं!" हे ते अशा थाटात सांगत, की जणू उरण्याचा शोध त्यांनीच लावला.

मी शाळामास्तरच्या नोकरीनिमित्त दिग्रसला आलो, तो साठ सालच्या आसपास. गुलाबरावजी आमचे भिंतीला भिंत शेजारी. सरकी काढायच्या एका जिनिंग कारखान्यात ते कापूस तोलायच्या काट्यावर होते. बैलगाडी फाटकातून आत आली, की नुसतं पाहून वजन सांगत. मग गाडी काट्यावर चढे, आकडा तोच निघे आणि पैज हरलेले व्यापारी मुकाट्याने चहा पाजत. "काटा चुकन, गुलाबराव नाही चुकत," असं गाडीवाले म्हणायचे.

आणि हाच माणूस रोज संध्याकाळी भिंतीवरून हाक मारी, "मास्तर, आज माहा अंदाज चुकला, बाप्पा! भल्ले आलू उरले. फेकाले जीव होत नाही. सूनबाईले घेऊन या." सूनबाई म्हणजे माझी बायको. समोर सायकली दुरुस्त करणारे रहीमचाचाही हात पुसत यायचे. आम्ही ओट्यावर बसून टिकल्या वाजवायचो आणि गुलाबरावजी ऐकायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी पुसदला दिलेली. घरात दुसरा आवाज नव्हता.

एकदा रहीमचाचा खाता खाता सहज बोलून गेले, "काहून गुलाबभाऊ, गाडीभर कापसाचा अंदाज येते तुमाले. घरात माणूस एक, मंग आलू रोज कसे बचतात जी?"

आम्ही सगळे हसलो. गुलाबरावजीही हसले, पण झारा हातातच राहिला आणि कढईतली टिकली काळी पडली. त्यांच्या हातून जळलेली ती मी पाहिलेली पहिलीच.

दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आता बराबर येते अंदाज." रहीमचाचा चांगल्या चाकाची हवा काढून पुन्हा भरत बसले होते. "म्या तं मजाक केली होती जी," ते मला दोनदा म्हणाले. मलाही संध्याकाळ खायला उठे. इतक्या साध्या माणसाला सोबतीसाठी निमित्त शोधावं लागत होतं, याचं फार वाईट वाटलं.

माझी बायको मात्र उठली. तिने पातेलंभर आलू उकडले, कुस्करले, वर ताट झाकलं आणि तडक शेजारी गेली. मी आणि रहीमचाचा मागोमाग.

"काकाजी, माहा अंदाज चुकला," ती म्हणाली. "सकाळचे आलू उरले. फेकाले जीव होत नाही."

गुलाबरावजींनी ताट उचललं. भपकन वाफ आली आणि त्यांचा चष्मा पांढरा झाला. तो त्यांनी पुसला नाही. तसेच, काही न दिसता, पातेल्याकडे पाहत राहिले. मग ताट हळूच परत झाकलं.

"सकाळचेच दिसून राह्यले," ते म्हणाले. "पार गार झाले, बाप्पा. बसा, तेल ठेवतो."