शाळेपुढचा गतिरोधक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, परिपाठ चालू असताना, हदगावात दहावीतल्या सुनीतावर अन्याय झाला. तिला फिट आली आणि अख्ख्या शाळेसमोर तिच्या नाकाला चप्पल लावली. मुख्याध्यापक म्हणाले, "परीक्षेपुरती पाठवा. बाकी घरीच बरी." दिवाळी झाली, तिचा बाक अजून रिकामाच आहे.

तिचे वडील माधवसर त्याच शाळेत विज्ञान शिकवतात. हजेरीत रोज तिचं नाव पुकारतात, मग पुढचं नाव घेतात. आमचे शेजारी आहेत आणि हल्ली अनवाणी फिरतात. गल्लीतली पोरं विचारतात, "सर, नवस हाय का?"

"न्हाई रे. पाय मोकळे करून राहिलो."

तसे सर आधीपासूनच विचित्र. मेंदू शिकवायला वर्ग रस्त्यावर न्यायचे. "एक पेशी दुसरीला 'चल' म्हणती, तशी 'थांब'बी म्हणती. पर हे 'थांब' सगळीकडं सारखं नसतंय. आता बघा, पुढाऱ्याच्या दारात तीन गतिरोधक, शाळेपुढं एकबी न्हाई. मेंदूचंबी तसंच. 'थांब' कमी पडलं की पेशी एकदमच धावत्यात. त्याला फिट म्हणायचं. भूत न्हाई, पाप न्हाई." या नादात त्यांनी शाळेपुढं स्वतःच मुरमाचा गतिरोधक घातला. त्यावर पहिली आपटली मुख्याध्यापकांची मोटारसायकल.

सुनीताची गोळी तेच 'थांब' वाढवते. गोळीनं फिट आवरली. शाळा आवरली नाही.

या अन्यायावर मी हे पत्रक काढतोय. त्यात चप्पलवाल्याचं नाव छापायचंच, म्हणून सरांच्या घरी गेलो. "चप्पल कुणाची होती?"

सरांनी आपल्या अनवाणी पायांकडं बोट दाखवलं.

"माझीच. शिपायानं मागितली, मी काढून दिली."

"तुम्ही, सर?"

"समदे वरडून राहिले व्हते. आयुष्यभर शिकवलेलं 'थांब' तोंडातून निघालंच न्हाई बघ. छाप, माझंच नाव छाप."

आतून सुनीता म्हणाली, "पप्पा, चपला घाला की. काटे मीच काढते ना रोज."

सर हलले नाहीत.

नाव छापलं आहे. आता तुमचं काम. शाळेत जा आणि विचारा, तो बाक रिकामा का. आणि तुमच्यासमोर कुणाला फिट आली, तर चप्पल, कांदा, चमचा लांब ठेवा. कुशीवर वळवा, जवळ बसा. गर्दी धावून आली तर मोठ्यानं म्हणा, थांबा. सरांना जमलं नाही. तुम्ही म्हणा.