ऑसिलोस्कोपाची मेमरी मोकळी केली त्याची हकीकत

आज्ञा जाहली की, चाचणीखोलीतील मोहिमेचे वर्तमान साद्यंत लिहावे. सबब जे डोळ्यांनी पाहिले ते लिहिले. पदरचे काडीमात्र नाही. चवीपुरते असेल, त्यास माफी असावी.

वीजपुरवठ्याचे डबे जोडून तपासणाऱ्या ताईसाहेब तीन हप्ते बेजार होत्या. डब्याच्या विजेत रोज एकदा काटा, म्हणजे क्षणभराचा झटका, उसळे आणि पाहावे तो गडप. मग खातेप्रमुख साहेबांचे फर्मान सुटले की, दोष ताईंच्या सोल्डरिंगचा. आज चारपर्यंत पुरावा न आल्यास ताईंनी पॅकिंगखात्यात रुजू व्हावे. ताई बहुत कष्टी जाहल्या, परंतु बाई खमकी.

ते दिवशी अकरास साहेबांच्या दालनात चहाची विजेची किटली चालू जाहली, आणि इकडे काटा ऑसिलोस्कोपाच्या, म्हणजे विजेची रेघ दाखविणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर कैद जाहला! ताईंनी सेव्ह दाबले, तो यंत्र म्हणे मेमरी भरली. यंत्र बंद करावे तर कैदी पळतो. पेनड्राइव्ह तीन लाविले, यंत्र एकासही ओळख देईना. मग जुन्या फाइली उडविणे प्राप्त जाहले.

परंतु खात्यातील सर्वांत जुने तंत्रज्ञ मामा, ज्यांनी अकरा वर्षांत आठशे बारा फाइली साठविल्या आणि एकीसही नाव दिले नाही, ते यंत्रापुढे आडवे जाहले.

"असू दे गं, लागतं कधीतरी!"

"मामा, इथे माझी जागा जायची वेळ आलीय!"

अखेर तह ठरला की, उघडून पाहिल्याखेरीज एकही फाइल उडवू नये. पहिली उघडली, तो काय! तोच काटा, ताई खात्यात येण्याच्या सहा वर्षे आधीचा, वेळ अकरा. दुसरी, तिसरी, तैसीच. ताईंच्या डोळ्यांत पाणी आले आणि मामा असे फुगले की सदऱ्याचे बटण तुटावे.

आता आजच्या काट्यास जागा पाहिजे. सर्वांत जाडजूड फाइल साहेबांची, यंत्राच्या उद्घाटनदिनी स्वहस्ते साठविलेली. निम्मी मेमरी खाऊन आत एक सरळ रेघ, कारण प्रोब, म्हणजे मोजणीची तार, जोडायचाच राहिला होता. अदबीपोटी तिला कोणी हात लाविला नव्हता. ताईंनी लाविला.

चारास साहेब आले, काटे पाहिले, वेळा पाहिल्या आणि पुसते जाहले की, अकरास चालू तरी काय असते. सगळे साहेबांच्या दालनाकडे पाहू लागले. साहेबांचे तोंड एवढेसे जाहले.

येणेंप्रमाणे फत्ते जाहली. आजची फाइल 'किटली' नावे दाखल केली, खात्यातील नाव असलेली पहिलीच. मामांनी तिची आणखी एक प्रत ठेविली. ताई जागीच कायम जाहल्या, आणि त्याच सायंकाळी किटली पॅकिंगखात्यात रुजू जाहली.