आतेच खोकी ल्या

नानांचं गाणं उंदराच्या आवाजात वाजवायची कल्पना मुलांची नव्हती, माझी होती. नानांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.

मेहरूणला दर उन्हाळ्यात मुलांचं संगीत शिबिर भरायचं. मी पेटी शिकवायचो. नाना मूळचे शिंदखेड्याचे, रेडिओ दुरुस्त करणारे. शिबिराचं रेकॉर्डिंग त्यांच्याकडे. माइक उपरण्यात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन ते एसटीने यायचे. त्याला वारं लागू नये म्हणून खिडकी बंद ठेवायचे, मे महिन्यात. सहप्रवाशांचे शिव्याशाप त्यांना ऐकू येत नसत.

रेकॉर्डिंगआधी त्यांची एकच आज्ञा असे. "ज्याले खोकानं शे, त्यानी आतेच खोकी ल्या." मग सगळी मुलं आधीच मन लावून खोकून घ्यायची, ज्यांना खोकला नव्हता तीही. नाना डोळे मिटून ऐकायचे. बटण त्यांनी आधीच दाबलेलं असायचं, त्यामुळे आमची प्रत्येक कॅसेट दम्याच्या दवाखान्यासारखी सुरू व्हायची.

स्वतः मात्र कधी गायचे नाहीत. आग्रह केला तर म्हणत, "मी वायरना मानूस शे, सूरना नही."

एका वर्षी शिबिरात कॉम्प्युटर आला. मुलांनी त्यावर आवाज कापून-जोडून आपापले प्रकल्प करायचे होते. शिकवायला मी, म्हणजे त्यांच्यापेक्षा एक धडा पुढे. पहिला धडा म्हणून मी सगळे खोकले पुसायला लावले. नानांनी मूळ कॅसेटी तेवढ्या पिशवीत भरल्या.

कॉम्प्युटरवर उतरवलेल्या एका कॅसेटच्या शेवटी नानांचा आवाज सापडला. खोलीत कुणी नाही असं समजून, माइक तपासताना ते ओवी गायले होते. आवाज कापरा, पण सुरात. मुलं ऐकतच राहिली. माझ्या पेटीला ती कधी अशी गप्प झाली नव्हती. मी म्हणालो, वेग वाढवून बघा.

समारोपाला पालकांसमोर ती ओवी उंदराच्या आवाजात वाजली. लोक हसून हसून लोळले. नानाही थोडे हसले. माइक गुंडाळता गुंडाळता त्यांनी हळूच विचारलं, "हाई पोरेसले सुचनं का?"

"आजकालची पोरं, नाना," मी म्हणालो.

पुढच्या उन्हाळ्यात नाना आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. दुकानात काम आहे, असा निरोप यायचा.

शेवटी मी शिंदखेड्याला गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या खोलीत टेप चालू होता, आणि त्यातून नुसते खोकले येत होते. मला बघूनही त्यांनी तो बंद केला नाही.

"एकला मानूस, भाऊ. हाई लावं का घरमा बठ्ठा बठेल शेतस आशे वाटस." खोकले लावले की त्यांना घरात सगळे बसलेत असं वाटायचं. मग म्हणाले, "पोरे चांगला व्हतात."

एसटीत जुळवलेलं भाषण मी विसरलो. मी नुसतंच म्हणालो, नाना, एक सांगायचंय. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. उठले, उपरण्यातून माइक काढून माझ्यापुढे ठेवला, त्याच खोकल्यांच्या कॅसेटवर रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

"आतेच खोकी ल्या."

मी खोकलो. मग म्हणालो, "नाना, ती कल्पना माझी होती. पोरांची नव्हती. माफ करा मला."