हौसलाल मास्तर आणि शुक्रवारचा कर्सिव्हचा तास

कागदावर अंगठा उठवणाऱ्याला तुम्ही अडाणी म्हणता ना? मग दिवसभर मोबाईलच्या काचेवर अंगठा घासणाऱ्या स्वतःला काय म्हणता?

रागावू नका, प्रश्न माझा नाही. केशोरीच्या पलीकडे आमचं गाव आहे, तिथले निवृत्त शिक्षक हौसलाल रहांगडाले हा प्रश्न पानठेल्यावर विचारतात, दवाखान्याच्या रांगेत विचारतात, बारशाला विचारतात आणि मयतीलाही सोडत नाहीत. उत्तरासाठी मात्र थांबत नाहीत. थांबणं त्यांना मंजूरच नाही!

मास्तरांचं दैवत म्हणजे कर्सिव्ह. अक्षराला अक्षर जोडून, पेन न उचलता लिहायचं ते घोळदार इंग्रजी. "एकदा टेकवलं का शब्द सरेपर्यंत उचलाचं नाही!" हा त्यांचा मंत्र, आणि तो कागदापुरता राहिलेला नाही. बटाटा सोलला तर साल एकच निघाली पाहिजे. मध्येच तुटली तर तो बटाटा बाजूला आणि दुसरा हातात. सायकलवर बसले की घर येईपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही. संध्याकाळी म्हशींचा कळप रस्ता अडवतो, तेव्हा मास्तर चौकात गोल गोल चकरा मारत राहतात. पानठेल्यावरून कोणीतरी ओरडतंच, "काऊन मास्तर, उतरा ना जी!"

"शब्द तुटते गा!" मास्तर चकरेतूनच उत्तर देतात.

त्यांची सगळ्यात मोठी करामत म्हणजे मागच्या पावसाळ्यातला रोवणा, धानाची लावणी. तलावाच्या काठाला त्यांची एक बांधी आहे, म्हणजे धानाचं शेत. मास्तरांनी कुठून तरी जांभळ्या पानांच्या धानाचं बी मिळवलं. हिरव्या धानाच्या मधोमध जांभळ्या धानाने इंग्रजीत 'वेलकम' लिहायचं, तेही कर्सिव्हमध्ये, रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतून दिसेल असं! रोवणा करायला आलेल्या बायांची पुढारीण पार्बताबाई. तिने चिखलात कमरेवर हात ठेवून विचारलं, "मास्तर जी, धान लावून राहिलो का रांगोळी?"

"वळण पाहा बाई, वळण!"

"वळण माह्या कमरेले पडून राहिलं, त्याचं काय करता?"

तरी बायांनी हसत हसत रोवलं. आता गंमत ऐका. रोवणा करताना बाया पाठीमागे सरकत सरकत रोपं लावतात. मास्तरही त्यांच्याबरोबर दोरी धरून मागे मागे सरकत अक्षरं आखत गेले. तोंड रस्त्याकडे, पाठ तलावाकडे. उत्साहाच्या भरात कोणाच्या लक्षातच आलं नाही. धान वाढलं, जांभळा रंग चढला आणि काय! एसटीतल्या लोकांना सगळं उलटं, पाय वर डोकं खाली. सुलटं दिसलं फक्त तलावातून. मासे धरणारा गोमा डोंग्यातून, आपल्या लहानशा होडीतून, ओरडला, "मास्तर, मस्त दिसून राहिलं! पण मले इंग्रजी नाही येत जी!"

गावभर हसू पिकलं. माशांचं स्वागत झालं, असं सगळे म्हणाले. मास्तरही हसले, पण हसता हसता एवढं बोललेच, "तुटलं तं नाही ना कुठं?"

अशा माणसाशी माझं भांडण जुंपलं. कारण दर शुक्रवारी मास्तर गावच्या शाळेत फुकट कर्सिव्ह शिकवत, आणि शाळेने त्या अक्षराला मार्क ठेवले होते. मी पत्रकं काढणारा माणूस. मला ते सहन होईना! साहेबाच्या कचेरीत नकला काढणाऱ्या कारकुनांचं वळण आमच्या लेकरांनी आज का गिरवायचं? एखाद्या पोरीचं उत्तर बरोबर आहे, ती डावखुरी आहे, घोळ जमत नाही, म्हणून तिचे मार्क कापणार? हा न्याय आहे? मी पत्रक छापलं, 'अक्षराची सक्ती बंद करा!' आणि पहिली प्रत मास्तरांनाच नेऊन दिली.

त्यांनी हात मागे घेतले. "छापलेलं मी वाचत नाही. हातानं लिवून आण."

हस्ताक्षराच्या सक्तीविरुद्धचं पत्रक मी हाताने लिहून काढलं! मास्तरांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मी पुढ्यात उभा.

"इचार चांगला आहे," ते म्हणाले. "पण तुहा 'क' उपाशी दिसून राहिला. जेवला नाही का गा तो?"

पत्रकाने काम केलं. पालकांची सभा लागली. मुख्याध्यापिका कापगते मॅडम खुर्चीत, मास्तर पहिल्या रांगेत, मी खिडकीपाशी. मास्तर उठले ते बोलतच उठले. "तलावाचं पाणी बांधीतून बांधीत जाते, तसा इचार अक्षरातून अक्षरात जाते. दर अक्षराले पेन उचललं तं इचार धुऱ्यावरच बसून राहते!" धुरा म्हणजे शेताचा बांध.

मी म्हणालो, "मास्तर, ज्याच्या बांधीत पाणी पोचतच नाही, त्याचे मार्क कायले कापता?"

टाळ्या पडल्या. मी पाहिलं, मास्तरही टाळ्या वाजवत होते. "हे खरं बोलला गा! काढा मार्क. सक्ती काढा. मंजूर!"

मी जिंकलो होतो! पण मॅडम हिशेबी आवाजात म्हणाल्या, "मार्क नाही, सक्ती नाही, मग तास तरी कशाला मास्तर? परीक्षेत पोरांना गोल काळे करायचे आहेत. शुक्रवारी संगणक लावू. पुढच्या शनिवारी हात वर करून ठरवून टाकू."

आणि आमच्या गावाने कधी न पाहिलेली गोष्ट घडली. हौसलाल मास्तर मध्येच थांबले. उत्तराचं वाक्य अर्धंच टाकून ते खाली बसले. बसल्या जागेवरूनच म्हणाले, "मार्क न्या जी. फळा न्या. तास राहू द्या."

सभा उठली.

सभेनंतरच्या शुक्रवारी मी वर्गात जाऊन बसलो. शनिवारी बोलायला मुद्दे हवे होते. मॅडम दाराशी उभ्या होत्या. मास्तर सतरंजीवर बसलेले. एकेक पोर समोर येई, मास्तर त्याचा हात आपल्या हातात घेत आणि दोघे मिळून त्या पोराचं नाव लिहीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता. एक पोरगी दुसऱ्यांदा रांगेत आली. "तुले तं येते ना बाई," मास्तर म्हणाले. "येते जी," ती म्हणाली आणि तरीही बसली. मास्तरांनी पुन्हा तिचा हात घेतला.

पोरं गेल्यावर मी विचारलं, "मास्तर, फळ्यावर लिहून दाखवलं तर नाही चालत? हात कशाला धरायचा?"

"छापील अक्षर फळ्यावरून उतरते. हे हातातूनच जाते. बस."

मी बसलो. त्यांनी माझा हात घेतला. हात थंड होता, खरबरीत होता. माझं नाव लिहिता लिहिता ते माझ्याकडे न बघता बोलत राहिले. "माही बायको गेली तवापासून घरी कोणाचा हात हातात येत नाही, गा. शेजारची सून चाय देते तं कप धराले देते. लेक पुण्याले आहे, रोज व्हिडिओ लावते. दिसते, चांगली दिसते. पण एक दिवस गालाले हात लावाले गेलो तं फोनच कटला." ते हसले. "मंग आता लांबूनच पाह्यतो."

नाव लिहून झालं. त्यांनी हात सोडला नाही. मीही घाई केली नाही.

माझं मत बदललेलं नाही. अक्षरावर मार्क नकोत, शिक्षा नको, सक्ती तर अजिबात नको! ज्याला यायचं तो येईल, नाही तो खेळेल. पण शाळेत एक तास असा हवा, ज्यात मोठ्या माणसाचा हात लेकराच्या हातावर असतो. तो तास संगणकाला देऊ नका, दुसरा कोणताही द्या.

शनिवारी सभा आहे. गावचे असाल तर या आणि तासाच्या बाजूने हात वर करा. दूरचे असाल तर तुमच्या गल्लीत एकटे राहणारे एखादे जुने मास्तर, एखाद्या जुन्या बाई असतीलच. उद्या कागद-पेन घेऊन त्यांच्यासमोर बसा. म्हणा, "माझं नाव लिहायला शिकवा."