घास गालात, सूर्य डोंगराआड

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण सूर्य साडेसहाला मावळतो. (हे आधी माहीत नव्हतं असं नाही. मी बी.एस्सी. आहे. पण काही गोष्टी अंगावर आल्याशिवाय कळत नाहीत.)

झालं असं, की दुधगावाहून सासूबाईंचा फोन आला. अख्खं गाव त्यांना आक्काताई म्हणतं, मी नुसतं आक्का.

"स्वप्नाली, शनवारी उंब्रजला येणार हाय मी. अरिहंत अंथऊ करतोय न्हवं?"

अंथऊ म्हणजे आम्हा जैनांचं दिवस मावळायच्या आतलं जेवण.

"हो तर! रोज करतो," मी म्हणाले. म्हणजे, माझं तोंड म्हणालं. मला विचारलंसुद्धा नाही.

"मग बरं. न्हाईतर दसऱ्यापतोर हिकडंच ठेवून घेतलं असतं. बालवाडी हितं बी हाय."

फोन ठेवून मी चार वर्षांच्या अरिहंतकडे पाहिलं. बाहेर मिट्ट काळोख होता आणि तो गालात घास धरून बसला होता. घास वरणाचा की भाजीचा, हे आता त्यालाही आठवत नसावं. अर्धी चपाती खायला तो जेवढा वेळ घेतो, तेवढ्यात उंब्रजची एसटी सांगलीला पोचते. आणि हा दसऱ्यापर्यंत दुधगावात? माझा कान धरल्याशिवाय तो झोपत नाही! तिथं कुणाचा कान धरणार? (त्यानं कान धरला नाही तर मला तरी कुठे झोप येते?)

सकाळी मी मोबाइलवर उपाय शोधला. एक बाई फार गोड हसून सांगत होत्या की, आधी ध्येय ठरवा. मग वाटेतले अडथळे ओळखा. मग प्रत्येक अडथळ्यासाठी मनाशी घोका, 'जर असं झालं, तर मी असं करीन.' म्हणे याने माणसं डोंगर चढतात. मला तर फक्त अर्धी चपाती उतरवायची होती.

मी दिवसभर घोकत राहिले. अरिहंतही माझ्यामागून 'जर-तर, जर-तर' करत फिरला.

"पोरगं जेवणार कधी, तू घोकणार कधी?" जिनपाल म्हणाले. माझे यजमान बँकेत आहेत. त्यांना प्रत्येक योजनेत व्याज कुठे आहे ते आधी दिसतं.

पहिला अडथळा होता बिल्डिंगमधली पोरं. सहा वाजले की ती खेळायला हाका मारतात. म्हणून ठरवलं, 'जर बेल वाजली, तर दार उघडायचं नाही.' बेल वाजली. मी उघडलं नाही. अरिहंतनं मात्र "सोड मला!" अशी बोंब ठोकली. पुन्हा बेल. पुन्हा बोंब. थोड्या वेळानं जिनपाल धापा टाकत जिन्यात. शेजारच्या मंगलवैनींनी बँकेत फोन केला होता, "आवं भावजी, वैनी दार उघडंनात, आन् आत पोरगं लय वरडतंय!"

(बँकेत त्या दिवसापासून जिनपालना रोज विचारतात, 'घरी सगळं ठीक ना?')

दुसरा अडथळा गाल. 'जर घास गालात धरला, तर गोष्ट थांबवायची.' मी वाघ सशाच्या पुढ्यात आणून थांबले. अरिहंतनं शांतपणे वाट पाहिली आणि घासाच्या बाजूनं म्हणाला, "मग वाघानं त्याला खाल्लं. संपली." आता वाघानं सशाला चावून खाल्लं की गालात धरलं, हे विचारण्यातही अर्थ नव्हता. सूर्य केव्हाच डोंगराआड गेला होता.

या सगळ्यात मी कधी जेवत होते, विचारू नका. सगळं आवरल्यावर, ओट्याशी उभ्यानं, बहुतेक नूडल्स. (चातुर्मास चालू आहे, हे मला आठवायचं. पोटाला आठवायचं नाही.) अरिहंत पाणी प्यायला यायचा, तेव्हा एखादा घास त्याच्याही तोंडात जायचा. तो काही जेवण म्हणून धरायचा नसतो.

आणि गुरुवारी चमत्कार झाला! ताट वाढलं, मी पहिलं 'जर' म्हणेपर्यंत चपाती संपलेली. शुक्रवारीही तेच. गाल रिकामे! मी त्या गोड बाईंना मनोमन नमस्कार केला आणि आपण उगाच स्वतःला वाईट आई समजतो, असं चक्क मोठ्यानं म्हणाले.

शनिवारी आक्का आल्या. संध्याकाळी गॅलरीत तळहात डोळ्यांसमोर धरून बसल्या. "हातावरच्या रेघा दिसत्यात तवर जेवून घ्यायचं," त्यांचं घड्याळ ते. आभाळ भरून आलेलं. पण अरिहंत ताटावर बसला आणि आक्कांच्या रेघा ठळक दिसत असतानाच ताट चाटूनपुसून उठला.

"माझं बाय गं!" आक्कांनी त्याचा मुका घेतला. "ह्येला कशाला न्यायचा दुधगावला? स्वप्नाली, कसं जमवलंस?"

"नियोजन, आक्का," मी अत्यंत विनयानं म्हणाले. (इतका विनय मला पुन्हा जमणार नाही.)

"व्हय रं बाळा? काय जादू केली आईनं?"

अरिहंतनं माझ्याकडे पाहिलं, आणि घोकून घेतल्यासारखं खणखणीत म्हणाला, "जर पटपट जेवलो, तर आई लवकर मोकळी होते. मग रात्री आम्ही नूडल्स खातो."

जिनपालना एकदम गाडी झाकायची आठवण झाली. ते खाली गेले. आक्कांनी तळहात खाली ठेवला. आता रेघा दिसायची गरज राहिली नव्हती.

"आसं हाय व्हय," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हंजी पोराला न्हाई, दसऱ्यापतोर तुलाच न्यावं लागतंय दुधगावला."

मी घाबरून अरिहंतला जवळ ओढलं. आता रडेल, मला बिलगेल, म्हणून कानसुद्धा पुढे केला. तो जरा विचारात पडला, मग आक्कांना म्हणाला,

"ने की आज्जी. पप्पांना पण कान आहेत. आणि त्यांना नूडल्स पण येतात."