थूल काका आणि झोपाळू मुळा

आमच्या समोरच्या घरातून रोज संध्याकाळी घोषणा ऐकू येतात. आवाज एस.टी. स्टँडवरचा, खणखणीत. मजकूर मात्र असा: "फ्रीज म्हन्ते, बाई, त्या मानसाच्या नादी लागू नोको. बाई म्हन्ते, तू फ्रीज हायस, तू थंडा राह्य."

समुद्रपुरात नवीन आलेला माणूस हे ऐकून रस्त्यातच थांबतो. आम्ही थांबत नाही. थूल काका जपानी मालिका बघतायत, एवढं आम्हाला कळतं. त्यापुढचं त्यांनाही फारसं कळत नाही.

काका एस.टी.त कंट्रोलर होते. खिडकीत बसून गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, त्यामुळे कुठलीही लिहिलेली ओळ दिसली की ते ती मोठ्याने वाचतात. लग्नाच्या पंगतीत भिंतीवरचं 'अन्न वाया घालवू नका' हेसुद्धा त्यांनी एकदा असं वाचलं होतं की वाढपी जागीच थबकले. निवृत्त झाल्यावर थोड्याच काळात काकू गेल्या. मुलगी पुण्याला असते. तिने वडिलांना करमणूक म्हणून मोठा टीव्ही पाठवला. त्याला तोंडाने सांगितलं की तो शोधून देतो.

एका उन्हाळ्यात काकांच्या कूलरचा पंप बंद पडला. त्यांनी टीव्हीला पंपाचं विचारलं. टीव्हीने एक जपानी माणूस दाखवला. तो पंप उघडून बसला होता. थोड्या वेळाने तो रडायला लागला. मग त्याची सासू आली आणि तिने पंपाला वाकून नमस्कार केला.

"मी म्हटलं, आता दुरुस्त करन, मंग दुरुस्त करन," काका मला सांगत होते. "शेवटपर्यंत नाई केला. पन मानूस भला होता."

तेव्हापासून काका जपानी मालिकांना लागले. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवते आणि त्यांच्या बरोब्बर समोर राहते, म्हणून अडलेले शब्द माझ्याकडे येऊ लागले. पडद्यावर खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी काका वऱ्हाडीत करून पुकारत, पण काही ओळी अशा असत की त्यांचा आवाज मध्येच बंद पडे आणि चपलांचा आवाज माझ्या फाटकाशी येई.

"मॅडम, 'आय विल बिकम युवर वेन्सडे' म्हन्जे काय?"

"मी तुझा बुधवार होईन."

"कोन, मानूस?"

"तसंच लिहिलंय."

"बुधवारच काऊन?"

"माहीत नाही, काका."

ते घरी गेले, आणि पाच मिनिटांनी सगळ्या गल्लीने ऐकलं की कोणीतरी कोणाचा तरी बुधवार होणार आहे.

जपानी माणसांवर काकांचा जीव होता. "आपल्याच धम्माचे लोक हायेत," ते म्हणत. मालिकेत कोणी घरातल्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावली की काका टीव्ही थांबवून स्वतःही उदबत्ती लावून येत. तक्रार एकच होती. "चूक कोनाची हाय तेच समजत नाई, पन माफी सगळेच मांगते."

त्या ओळी टीव्हीवाले लिहीत नसून कोणीतरी हौसेखातर, फुकट, घरी बसून लिहितं, हे त्यांना मीच सांगितलं. फ्रीजच्या मालिकेच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला लिहिणाऱ्याचं टोपणनाव येई: स्लीपी रॅडिश.

"म्हन्जे?"

"झोपाळू मुळा."

काकांनी ते मनात दोनदा घोळवलं. दुसऱ्या दिवसापासून तो मुळाभाऊ झाला. मुळाभाऊंची एक सवय काकांना फार आवडे. ते कंसात आपल्या मनचं लिहीत. 'हा विनोद इंग्रजीत येत नाही, माफ करा. तरी कृपया हसा.' काका हसत. कशाला ते कळलेलं नसे, पण विनंती आली की हसत. "खरं बोलते मानूस," म्हणत. "नाई जमलं तं नाई जमलं म्हन्ते."

एका भागाच्या सुरुवातीला कंसात आलं, 'उशिराबद्दल माफ करा. वडील दवाखान्यात आहेत.' पुढच्या भागात आलं, 'वडील घरी आले. काही खात नाहीत.' त्या संध्याकाळी काकांनी बाकीचा भाग हळू आवाजात वाचला. मी तेव्हा पोळ्या करत होते. आवाज बसला असेल असं मला वाटलं.

मग मालिका थांबली. फ्रीज ट्रकमध्ये चढवला होता, बाई रस्त्यात उभी होती, तिचा ऑफिसातला साहेब उकडलेलं अंडं हातात घेऊन रडत होता, आणि पुढचा भाग येईना. आठवडे गेले. समोरून घोषणा येईनाशा झाल्या. गल्ली इतकी शांत झाली की पलीकडच्या आजींनी विचारलं, "थूलसाहेब गावाले गेले का?"

एका रविवारी मी मेथी निवडत बसले होते, तेव्हा काका आले. हातात मोबाईल होता. "जयभीम, मॅडम. इथं लिहिता येते म्हन्ते खाली. पोरीनं सांगितलं फोनवर. मले एक मजकूर लिहून द्या."

मी बघितलं. खाली जगभरच्या लोकांनी लिहिलं होतं. पुढचा भाग कधी. पुढचा भाग कुठे आहे. तू मेलास का.

"काय लिहू? पुढचा भाग कधी येणार?"

"तेवढं नोका लिहू," काका म्हणाले. "वडील कसे हायेत ते विचारा. अन् तो सोता जेवते का नाई, तेबी."

मी जरा गोंधळले. ज्याचं खरं नाव माहीत नाही, देश माहीत नाही, त्याला जेवलास का विचारायचं. काकांना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. ते पायरीवर बसले.

"माह्या बापाले सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलं होतं ना, तवा मी ड्युटीवर होतो," ते म्हणाले. "बदलीले दुसरा मानूस भेटला नाई. लोकं खिडकीशी येत, गाडी कवा लागते म्हनून विचारत. मी सांगे. दिवसभर सांगतलं. त्याईची काय चूक, ज्याले जायाचं तो गाडीच विचारन. पन एखाद्यानं विचारलं असतं तं बरं वाटलं असतं."

मी मेथी बाजूला ठेवली आणि लिहून दिलं. सुरुवात 'आदरणीय मुळाभाऊ' अशीच हवी, यावर ते अडून बसले, म्हणून इंग्रजीतही तसंच लिहिलं.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. काका मोबाईल घेऊन आले, पण तो लगेच माझ्या हातात देईनात. "तुम्हीच वाचा. माह्यानं इंग्रजी समजून नाई राह्यलं," म्हणाले. वरच्या दोन ओळी साध्याच होत्या, त्यांना सहज समजल्या असत्या.

वडील गेले होते. लिहिणारी मुलगी होती, एकुलती एक.

"पोरगी हाय?" काका म्हणाले. "अन् मी भाऊ-भाऊ करून राह्यलो." मग खांद्यावरचा दुपट्टा पुन्हापुन्हा सारखा करू लागले. मला वाटलं ते नावाच्या चुकीचाच विचार करतायत.

खाली तिने आणखी लिहिलं होतं. घर फार शांत झालंय. ओळी लिहायला बसते, पण आधी वडील शेजारी बसून चुका काढायचे, आता कोणी नसतं. लवकरच पुढचा भाग देईन. आणि शेवटी: 'तुम्ही कोणाबरोबर बघता?'

मी वाचून दाखवलं आणि वर पाहिलं. काका आपल्या घराकडे बघत होते. दार उघडंच होतं. आत टीव्ही होता आणि समोर त्यांची खुर्ची.

"काय लिहू, काका?"

त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. "लिहा... शेजारच्या मॅडम असते संगं. नाई तं ते बिचारी पोरगी तिकडं काळजी करत बसन."

मी आजवर एकही भाग पाहिला नव्हता. मी तसंच लिहून पाठवलं. काकांनी एकदा मान हलवली आणि घरी गेले.

पुढचा भाग आला त्या दिवशी समोरून घोषणा झाली नाही. काका फाटकाशी येऊन उभे राहिले, आत मात्र आले नाहीत. मीच चपला घालून त्यांच्या मागे गेले. त्यांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडलेली होती, ओल्या फडक्याने नुकतीच पुसलेली. मध्ये स्टुलावर फुटाण्यांची वाटी होती.

ट्रक निघाला. फ्रीज आतून काहीतरी बोलला. साहेबाने अंडं बाईच्या हातात दिलं आणि दोघंही एकमेकांना वाकून माफी मागू लागली. मग अचानक समुद्र आला.

"मॅडम," काका हळूच म्हणाले, "ट्रक समुद्राकडं काऊन गेला?"

"मला नाही कळलं, काका."

"फ्रीज काय म्हने?"

"तेही नाही कळलं."

काकांनी फुटाण्यांची वाटी माझ्याकडे सरकवली आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

"मंग बरं हाय," ते म्हणाले. "मले वाटे, एकट्या मलेच समजून नाई राह्यलं."